नायक साडीत अडकलाय, बाहेर कसा काढू?

अर्धा_पडदा

मंडळी, गेले चार महिने एक दोन अंकी फार्स लिहितोय. पहिला अंक एका दमात झाला. दुसऱ्याची सुरुवातही जमली. आणि आता शेवटच्या पंधरा मिनिटांपाशी गाडी रुतून बसलीय. गाडी हा शब्द मुद्दामच, कारण अर्धं नाटक गाडीत घडतं.

कथा अशी. माधव पट्टीचा ड्रायव्हर, पण नोकरी गेलेली. फक्त बायकांसाठी असलेल्या एका ड्रायव्हिंग स्कूलला शिकवायला बाईच हवीय. माधव साडी नेसतो, विग चढवतो आणि 'मधुराताई' होतो. त्याच्याकडे शिकायला येते वैदेही. ही वैदेही माधवला माधव म्हणून आधीपासून ओळखते. दोघांची ओळख वाचनालयातली, पुस्तकं बदलता बदलता झालेली. मनात दोघांच्याही आहे, बोललेलं कुणीच नाही.

रंगमंचावर दोन खुर्च्या म्हणजे गाडी. दोघंही समोर, म्हणजे प्रेक्षकांकडे बघतात. वैदेहीचं सगळं लक्ष रस्त्यावर, ताईंचं तोंड बघायला तिला सवडच नाही, त्यामुळे ती मोकळी बोलते. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. वैदेहीने माधवचं नाव काढलं की ताईंचा पाय त्या ब्रेकवर पडतो आणि गाडी कचकन थांबते. मित्रांना वाचून दाखवलं तेव्हा इथे माणसं अक्षरशः लोळली.

आता अडचण. माधवने तिला खरं सांगायचं कसं? तीन शेवट लिहून झाले. एकात विग पडतो. दुसऱ्यात तो स्वतः विग काढतो आणि दीड पान बोलतो. तिसऱ्यात मधुराताईंना बघायला स्थळ येतं. बायकोने तिन्ही वाचले, तिन्ही वेळा एकाच जागी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "पण ही याला माफ का करते?"

माझ्याकडे उत्तर नाही. इथे कुणाकडे आहे का?

निरुद्योगी

माफ करते कारण प्रेक्षकांना शेवटची बस गाठायची असते. :)

ब्रेकची कल्पना मात्र झकास. पहिला नंबर माझा, आता खुर्ची टाकून बसतो.

विंगेतून

पडदेराव, तुमची अडचण फार जुनी आहे, त्यामुळे धीर धरा. ब्रँडन थॉमसचं 'चार्लीज आंट' १८९२ चं. लंडनमध्ये त्याचे १,४६६ प्रयोग झाले. आचार्य अत्र्यांनी त्याचीच 'मोरूची मावशी' केली आणि पुढे विजय चव्हाणांनी ती मावशी घराघरांत नेली. आपल्याला मावशीची धांदल आठवते, पण मूळ इंग्रजी नाटकाचा सांगाडा उघडून बघा. झगा घातलेल्या त्या तरुणाचंही तिथे एक प्रेम आहे. त्याला आवडलेली मुलगी, एला, नेमकी त्याच्याच शेजारी येऊन बसते आणि 'मावशी'ला मन मोकळं करून सांगते, की मला एक जण आवडतो आणि तुमचा आवाज ऐकला की त्याचीच आठवण येते. म्हणजे तुमचा गाडीतला प्रवेश सव्वाशे वर्षांपूर्वीच लिहून झालाय. फक्त ब्रेक नव्हता.

तुमच्या कामाची दुसरी गोष्ट. त्या नाटकात खरी मावशी येऊन टपकते, पण आल्या आल्या बोंब मारत नाही. स्वतःचं नाव दुसरंच सांगते आणि खोट्या मावशीला गोड गोड प्रश्न विचारून घामाघूम करते. तिला सगळं माहीत, प्रेक्षकांना सगळं माहीत, माहीत नाही ते फक्त सोंग घेतलेल्याला. तिथून पुढे खेळ तिच्या हातात.

तुमच्या तिन्ही शेवटांत खेळ माधवच्याच हातात राहतो, मला खटकलं ते हे.

रातराणी

दीड पान बोलण्याचा शेवट आधी फाडा. चार महिने फसवलेल्या बाईला वर भाषणही ऐकायला लावायचं?

एक विचारू? वैदेही गाडीत जे जे सांगते, त्याचं माधव पुढे काय करतो?

अर्धा_पडदा

ती एकदा म्हणते, हल्ली कुणी हाताने पत्र लिहीत नाही, मला कुणी लिहिलं तर मी जन्मभर जपून ठेवीन. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून तिने नेलेल्या पुस्तकात पत्र निघतं. माधवचं. इथे टाळी धरली आहे.

रातराणी

टाळी पडेलही. पण पडदेराव, हा पेपर फोडून पहिला आलेला मुलगा आहे. त्याचा सत्कार मी का बघू? तुमच्या बायकोचा प्रश्न शेवटाबद्दल नाहीच, तो या पत्राबद्दल आहे. साडी नेसून नोकरी मिळवली इथपर्यंत मी माधवच्या बाजूने आहे, पोटासाठी माणूस काय काय करतो. तिने बाई समजून सांगितलेलं पुरुष म्हणून वापरलं, की मी खुर्चीतून उठले.

जुनं_तिकीट

रातराणी, असहमत. पेपर फोडणं हाच तर या प्रकारातला विनोद आहे! बिली वाइल्डरचा 'सम लाइक इट हॉट' (१९५९) घ्या. गुंडांपासून लपायला बाई बनलेल्या जोला गायिका शुगर सांगते की तिला चष्मा लावणारा पैसेवाला नवरा हवाय, आणि हा पठ्ठ्या चष्मा लावून कोट्यधीश बनून तिच्यासमोर हजर. चोरीवर चोरी. तरीही साठ वर्षं जग त्याला डोक्यावर घेऊन नाचतंय. नीतीचा तास घ्यायचा असेल तर फार्स लिहू नये.

रातराणी

तिकीटबुवा, त्याच सिनेमाचा शेवट आठवा. जो तिला सोडून चाललेला असतो. ती स्टेजवर रडत गात असते आणि हा बाईच्याच वेषात, सगळ्यांदेखत तिचं चुंबन घेतो. मागे लागलेल्या गुंडांना आपण सापडू याची पर्वा न करता. नंतर होडीत तो स्वतःच तिला सांगतो की मी खोटारडा आहे, माझ्या नादी लागू नकोस. कोट्यधीश गेला, चष्मा गेला, उरला फाटका सॅक्सोफोनवाला. आणि सॅक्सोफोनवाल्यांनी आपल्याला दर वेळी रडवलंय हे शुगरने सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. ती डोळे उघडे ठेवून होडीत उडी मारते. चोरलेलं सगळं त्याने आधी परत केलंय. पडदेरावांचा माधव काय परत करतो?

निरुद्योगी

विग. :)

विंगेतून

त्या सिनेमाचं नाव निघालंच आहे तर एक कामाची गोष्ट. जोबरोबर बाई बनलेला दुसरा नट, जॅक लेमन, आपलं लग्न ठरल्याचं सांगतो त्या प्रवेशात वाइल्डरने त्याच्या हातात खुळखुळे दिले होते. एक वाक्य, मग खुळखुळे वाजवत नाच, मग पुढचं वाक्य. का? तर थिएटरातल्या हशात पुढचं वाक्य बुडू नये.

तुमच्या ब्रेकलाही हे लागणार. हौशी नट हशा संपायची वाट बघत खांबासारखा उभा राहतो आणि सगळा फुगा फुटतो. त्याला हाताला काम द्या. ब्रेक लागला की गाडी बंद पडू दे. मग न्यूट्रल, किल्ली, क्लच, पहिला गिअर, आरसा. हे सगळं वैदेहीने शांतपणे करायचं आणि ताईंनी पदर सावरायचा. हशा लांबला तर आरसा दोनदा. पुढचं वाक्य घरंगळत येईल.

गिअर_न्यूट्रल

हा धागा बघून खास लॉगिन केलं. मी गेली कित्येक वर्षं बायकांना गाडी शिकवते, म्हणजे मधुराताई मीच. त्यामुळे जरा तपासणी करते, राग मानू नका.

१. पहिल्या दिवशी कुणीही बोलत नाही. स्टिअरिंग असं आवळून धरतात की बोटं पांढरी पडतात. गिअर हाताला बसले, पायाला क्लच कळायला लागला, की मग तोंड सुटतं. आणि सुटलं की विचारू नका. नवरा, सासू, ऑफिस, सगळं ऐकलंय मी. तुमचं निरीक्षण खरं आहे, एकमेकींकडे न बघता बोलायचं असलं की माणूस जास्त खरं बोलतो. पण वैदेहीला पहिल्याच तासात बोलकी करू नका. पहिला तास मुका ठेवा. तिथेही हशा आहे, ती वळताना ज्या दिशेला वळायचं त्या दिशेला स्वतःच कलते.

२. नुसता ब्रेक दाबला आणि शिकणारीने क्लच दाबला नाही तर गाडी आचके देऊन बंद पडते. विंगेतून म्हणतात ते बरोबर. पण महिन्याभराने वैदेही हुशार झालेली असणार. ताईंचा पाय हलला की ती क्लच दाबेल आणि गाडी बंदच पडणार नाही. तिला ताईंचा पाय कधी हलतो हे कळायला लागलेलं असेल. बघा, उपयोग होतो का.

३. चढावर थांबलेली गाडी हाफ क्लचवर उचलणं, याला सगळ्या जणी घाबरतात. मागे दुसरी गाडी चिकटलेली, हॉर्न वाजतायत, पाय जरा सुटला तर आपली गाडी मागे. नाटकाचा शेवट सपाट रस्त्यावर कशाला करता?

४. साडी का? मी पंजाबी ड्रेस घालते, थंडीत वर जॅकेट. साडीत शिकवणारी बाई माझ्या बघण्यात नाही. माधवला साडी तुमच्या सोयीसाठी नेसवलीय.

अर्धा_पडदा

ताई, साष्टांग नमस्कार. क्रमांक २ वाचून मी खुर्चीवरून उठून दोन फेऱ्या मारल्या. साडीचं कारण खरंच सांगतो: साडीला हशा येतो.

कोरा_कागद

नेमकं तिथेच माझं अडतं, म्हणून लिहितो. पुरुष साडीत दिसला की हसायचं, हा हशा आता मला नको वाटतो. ज्यांच्यासाठी ते सोंग नाही, रोजचं जगणं आहे, त्यांना रस्त्यावर, बसमध्ये याच हशाला तोंड द्यावं लागतं. तो फुकटचा हशा आहे. लेखकाने कमावलेला नाही.

निरुद्योगी

झालं. आता विनोदालाही परवानगीपत्र लागणार. माझ्या आज्जीने 'मोरूची मावशी' बघून डोळ्यांतून पाणी काढलं होतं हसून हसून, तिला कुणाचाही द्वेष नव्हता.

विंगेतून

दोघंही थोडे थोडे बरोबर आहात, पण एक गल्लत होतेय. आपल्याकडे पुरुषाने स्त्रीवेष घेण्याच्या तीन वेगळ्या रीती आहेत आणि तिन्हींतला प्रेक्षकांशी असलेला करार वेगळा आहे.

बालगंधर्वांची रीत पहिली. 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली सिंधू. तिथे पुरुष आहे हे प्रेक्षकांनी विसरायचं असतं, आणि लोक विसरत. घरंदाज बायका त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची नक्कल करत. तिथे कुणी हसत नसे, सिंधूसाठी रडत.

दुसरी तमाशातली. गवळणीतली मावशी पुरुषच करतो आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नाही. दांडगा आवाज, तोंडात फटकळ भाषा, कृष्णालाही दम भरायला कमी नाही. ती कुणाला फसवत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली थट्टा आहे ती.

तिसरी फार्सची. इथे प्रेक्षकांना माहीत, पात्रांना माहीत नाही. इथला हशा साडीचा नसतोच मुळी. तो खोट्याच्या पोटात आलेल्या गोळ्याचा असतो. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घ्या. भाड्याने खोली मिळावी म्हणून चौघांतले दोघं बायका होतात. नुसतं एवढंच असतं तर अर्ध्या तासात सिनेमा संपला असता. पण खोटं वाढत जातं, इतकं की लक्ष्मीकांत बेर्ड्यांच्या पार्वतीचं चक्क डोहाळजेवण होतं. खोटंच गरोदर राहतं म्हणा ना. आपण हसतो ते हे आता निस्तरणार कसं म्हणून.

म्हणून पडदेराव, एक कसोटी. माधवला ताईंनी म्हणताहेत तसा साधा पंजाबी ड्रेस घाला. लचकणं नको, चिरका आवाज नको, छातीत नारळ-बिरळ अजिबात नको. आवाज खाली आणि सावकाश. एवढं करूनही प्रवेश हसवतोय का बघा. हसवत असेल तर लिखाण पक्कं.

(आणि व्यवहाराची बाब: पंजाबी ड्रेसखाली पँट दुमडून ठेवता येते. विंगेत गेलेला नट मिनिटाच्या आत माधव होऊन परत येतो. साडीत त्याला दोन माणसं आणि डझनभर पिना लागतील.)

कोरा_कागद

कसोटी पटली.

निरुद्योगी

मला नारळ आवडतात. पण ठीक आहे.

कथेकरी

उशिरा आलो. रातराणींच्या पेपरफुटीवर एक दाखला देतो, आपल्या सगळ्यात जुन्या स्त्रीवेषाचा. विराटपर्व. अज्ञातवासात अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या अंतःपुरात राजकन्या उत्तरेला नृत्य-गायन शिकवतो. एक वर्ष. पुढे ओळख उघडी पडते. विराट आनंदाने म्हणतो, उत्तरेशी तूच लग्न कर. फार्स इथेच संपायला हरकत नव्हती. पण अर्जुन नाही म्हणतो. कारण काय देतो? मी वर्षभर अंतःपुरात तिच्याजवळ राहिलो, एकांतातही तिने माझ्यावर वडिलांसारखा विश्वास टाकला. म्हणून मी तिला सून म्हणून घेतो. आणि उत्तरेचं लग्न अभिमन्यूशी होतं.

म्हणजे वेष बदलून मिळवलेल्या विश्वासावर आपला हक्क नाही, हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं.

जुनं_तिकीट

कथेकरीबुवा, दाखला जबरदस्त, पण मग पडदेरावांनी वैदेहीचं लग्न माधवच्या मुलाशी लावायचं का? आधी त्याला मुलगा व्हायला हवा, तोवर तिसरा अंक लागेल.

रातराणी

हाहाहा! तिकीटबुवा, आज पहिल्यांदाच तुम्हाला अनुमोदन.

पण यातूनच वाट दिसतेय मला. माधवला अर्जुनाचा नियम घाला: ड्रेसमध्ये ऐकलेलं पँटमध्ये वापरायचं नाही. हा नियम त्याने स्वतःच स्वतःला घातलेला. आता गंमत बघा. त्याला सगळं माहीत आहे आणि काहीच माहीत नसल्यासारखं वागायचंय. तिला पत्र आवडतं हे ठाऊक, म्हणून तो बिचारा साधी चिठ्ठीसुद्धा लिहू शकत नाही. वाचनालयाच्या पावतीवर सही करतानाही हात थरथरतो. ती म्हणते मला गुलाबी रंग आवडत नाही, आणि त्याच्याकडे असलेला एकुलता एक बरा शर्ट गुलाबी आहे. टाळला तर चोरी, घातला तर पंचाईत. घालतो!

पेपर हातात असून मुद्दाम चुकीची उत्तरं लिहिणारा विद्यार्थी. याच्यावर माझा जीव बसेल.

गिअर_न्यूट्रल

रातराणी, तुम्ही चढ चढवलात, आता हाफ क्लच माझा.

वैदेहीला संशय कधी येतो? आधी ब्रेकवरून. माधवचं नाव आलं की ताईंचा पाय हलतो, बाकी कुणाच्याही नावाला हलत नाही. मग ती खात्री करून घेते. ताईंना एक धादांत खोटं सांगते: मला मांजरांची फार भीती वाटते. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या पायरीवर मांजर बसलेलं, आणि माधव ती यायच्या आत त्याला हुसकून लावतो. स्वतःच्या फायद्यासाठी ऐकलेलं तो वापरत नाही, नियम पाळतो. पण ती घाबरेल म्हटल्यावर नियम विसरतो. तिने हे लांबून बघायचं.

मला विचाराल तर ती त्याला तिथेच माफ करते. पण सांगत नाही.

अर्धा_पडदा

ताई, मी हे वाचून दहा मिनिटं गप्प बसलो होतो. मग बायकोला वाचून दाखवलं. तिने कागद खाली ठेवला नाही.

विंगेतून

मग आता तुमची वैदेही म्हणजे ती खरी मावशी झाली. तिला ठाऊक, प्रेक्षकांना ठाऊक, ठाऊक नाही ते माधवला. दुसऱ्या अंकाचा उत्तरार्ध पूर्ण तिचा. आता घाई करू नका, तिला सूड घेऊ दे भरपूर. ताईंसमोर माधवला नावं ठेवू दे. ताईंनी त्याची बाजू घ्यायची नाही, कारण नियम! स्वतःची निंदा मान डोलावून ऐकायची. नट बरा असेल तर तुमच्या पहिल्या अंकातला ब्रेक लोक विसरून जातील.

अर्धा_पडदा

पाच दिवसांनी परत आलोय. शेवट नव्याने लिहिला. थोडक्यात देतो, मग तुटून पडा.

लायसन्सच्या परीक्षेचा आदला दिवस. वैदेही आपणहून गाडी चढावर नेते आणि मधोमध थांबवते. मागे हॉर्न (विंगेतून). ती म्हणते, ताई, उद्या परीक्षा झाली की मी माधवला विचारणार आहे. ताईंचा पाय सवयीने ब्रेककडे जातो. ती समोर बघतच म्हणते, पाय काढा. चढावर गाडी मी उचलणार. तो पाय काढतो. आता गाडी तिच्या एकटीच्या पायावर. हॉर्न वाढतात. ती म्हणते, मला मांजरं खूप आवडतात, घरी दोन आहेत.

इथे मोठा पॉज आहे. माधव विगला हात घालतो, तर ती म्हणते, आत्ता नको, मला मागचं दिसायला हवं, हलू नका. गाडी उचलते, चढ पार होतो. सपाटीला आल्यावर ती विचारते, "नोकरीचं काय करणार?" तो म्हणतो, "आजच सोडतो." ती म्हणते, "उद्या परीक्षेनंतर सोडा. फी भरलीय मी."

दिवे जातात. विग त्याच्या डोक्यावरच राहतो.

रातराणी

"फी भरलीय मी"!! उठले नाही. बसले.

जुनं_तिकीट

चुंबन नाही, मिठी नाही, गाणं नाही. माझे पैसे परत. (छान झालंय.)

कोरा_कागद

विग राहिला हे आवडलं. नाहीतर विग उतरला की बाई संपली, पुरुष सुरू, असं होतं. मधुराताई मला माधवइतक्याच आवडल्या होत्या.

विंगेतून

दोन सूचना. हॉर्न रेकॉर्डेड नको, विंगेत माणूस उभा करा आणि त्याला नटांकडे बघत वाजवायला सांगा, नाहीतर "हलू नका" कुणाला ऐकू येणार नाही. आणि मांजराचं वाक्य झालं की वैदेहीने चुकूनही त्याच्याकडे बघू नये. पहिली तालीम घ्याल तेव्हा नटीला हेच सांगा, बाकी काही नको.

गिअर_न्यूट्रल

हँडब्रेक राहिला. चढावर थांबली की आधी हँडब्रेक ओढते, क्लच अर्धा सोडल्यावर खाली करते. तो आवाज हवा. माझ्या सगळ्या विद्यार्थिनी प्रयोगाला येणार आहेत, चुकलात तर पहिल्या रांगेतून ओरडतील.

निरुद्योगी

पडदेराव, सगळं ठीक, पण मधुराताई आता पंजाबी ड्रेसमध्ये आहेत. धाग्याचं शीर्षक बदला.

अर्धा_पडदा

बदलायला गेलो होतो. प्रतिसाद आले की शीर्षक संपादित होत नाही म्हणे. राहू दे, तेवढीच एक साडी.